घेतले ते पुढे द्या

१८७० सालची गोष्ट. लखनौच्या अमिनाबाद बाजारातील एका खोलीत इझाबेला थॉबर्न या अमेरिकन मिशनरी बाईंनी ६ मुलींची शाळा सुरू केली. मुलींनी शिकावे, हे तेव्हा अनेकांना रुचत नसे. म्हणून एक मुलगा जाड काठी घेऊन दाराशी पहाऱ्याला उभा राही.

याच शाळेतून १८८६ साली महाविद्यालय उभे राहिले. थॉबर्नबाई १९०१ साली लखनौतच पटकीने वारल्या. आज ते महाविद्यालय त्यांच्याच नावाने ओळखले जाते. 'आम्ही घेतो ते देण्यासाठी', असे त्याचे ब्रीद आहे. येशूनेही शिष्यांना हेच बजावले होते, की जे मोल न देता लाभले, त्याचे दुसऱ्याकडून मोल घेऊ नये.

हे आचरायला मिशनरी व्हावे लागत नाही. आपल्यालाही कुणीतरी हात धरून अक्षरे गिरवायला शिकवलेच ना? मग धुणेभांडी करणाऱ्या मावशींच्या मुलीला रोज अर्धा तास गणित शिकवले, तर ते उपकार नव्हेत. ती परतफेड आहे. तिच्यासाठी दाराशी पहारा ठेवण्याचीही आता गरज नाही. हवी आहे ती फक्त आपली थोडी सवड.