खाडीपुलावरची कोंडी: लोकांना हवं काय आणि उपयोगी काय?

मानखुर्द आणि वाशीच्या मध्ये ठाण्याची खाडी. त्यावर गाड्यांसाठी पहिला पूल 1973 मध्ये झाला, दुसरा 1997 मध्ये. तिसऱ्या पुलाची एक बाजू ऑक्टोबर 2024 मध्ये सुरू झाली, दुसरी जून 2025 मध्ये. गोवंडी, चीता कॅम्प, कुर्ल्याहून रोज वाशीला जाणाऱ्यांना विचारा, उत्तर ठरलेलं असतं: अजून एक पूल बांधा आणि टोल काढा.

दोन्ही मागण्या बऱ्याच अंशी पूर्ण झाल्या. मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर छोट्या गाड्यांचा टोल ऑक्टोबर 2024 मध्ये माफ झाला. नाक्यावर थांबणं कमी झालं, हा फायदा खराच. पण रस्ता मोकळा आणि फुकट झाला की काल लोकलने जाणारा माणूस आज गाडी काढतो, आणि काही दिवसांनी पूल पुन्हा भरतो. जगभर हाच अनुभव आहे.

जरा हिशेब करू. रस्त्याची एक मार्गिका तासाला साधारण 2,000 गाड्या नेते. गाडीत सरासरी दीड माणूस धरला तर 3,000 माणसं झाली. हार्बरची खचाखच भरलेली 12 डब्यांची एकच लोकल याहून जास्त माणसं खाडीपार नेते! बसला वेगळी मार्गिका द्या म्हटलं की गाडीवाले नाराज होतात, पण बसमधली पन्नास माणसं तीस-पस्तीस गाड्यांइतकी असतात, हे कोणी मोजत नाही.

सगळ्यात नावडता उपाय म्हणजे गर्दीच्या वेळी जादा पैसे. स्वीडनची राजधानी स्टॉकहोम बेटांवर वसलेली, पुलांशिवाय तिथे चालत नाही. 2006 मध्ये सात महिने हा प्रयोग झाला. आधी बहुतेकांचा विरोध होता. वाहतूक साधारण पाचव्या हिश्शाने घटली, लोकांनी ते डोळ्यांनी पाहिलं आणि सप्टेंबरच्या मतदानात शहराने होकार दिला. 2007 पासून आकारणी कायम झाली. तिथे सकाळ-संध्याकाळ दर जास्त आणि रात्री काहीच नाही. आपल्याकडे मात्र टोल होता तेव्हा सकाळी नऊला आणि रात्री दोनला दर सारखाच.

पण स्टॉकहोमची नक्कल जशीच्या तशी इथे चालणार नाही. एपीएमसीतून पहाटे माल आणणाऱ्या भाजीवाल्याला गर्दीच्या दराची झळ नाही. नऊची ड्यूटी असलेल्याला वेळ बदलायची मुभाच नसते, त्याच्या खिशाला थेट कात्री. अटल सेतूकडे वळा म्हणावं तर तिथे दुचाकी आणि रिक्षाला बंदी, आणि जानेवारी 2024 मध्ये तो सुरू झाला तेव्हा कारचा एकेरी टोल 250 रुपये होता. म्हणून पैसे घ्यायचेच असतील तर आधी बस आणि लोकल वाढवा, मग घ्या. स्टॉकहोमनेही प्रयोगाच्या काही महिने आधी जादा बस सुरू केल्या होत्या.