ताइनान : देवळापुढच्या कावडीपासून आंब्याच्या बर्फापर्यंत

तैवानच्या नैऋत्य किनाऱ्यावरच्या ताइनानमध्ये न्याहारी म्हणजे भरपेट जेवण. एका दुकानात ताज्या गोमांसाच्या पातळ कापांवर उकळता रस्सा ओतला जातो आणि त्या रश्श्याच्या उष्णतेनेच मांस शिजते. शेजारी मिल्कफिश माशाची गरम पेज मिळते. राजधानीचा मान आज तैपेईकडे असला, तरी दोनशेहून अधिक वर्षे बेटाचा कारभार ताइनानहून चालला. तो काळ समजून घ्यायला इथल्या खानावळी किल्ल्यांइतक्याच मोलाच्या आहेत.

१६२४ मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनीने आजच्या अनपिंग भागात ठाण मांडले आणि झीलँडिया किल्ला उभारला. याच कंपनीची वखार आपल्या वेंगुर्ल्यातही होती. डचांनी समुद्रापलीकडच्या चिनी शेतकऱ्यांकरवी उसाची लागवड वाढवली. इथली साखर जपान आणि इराणपर्यंत जाऊ लागली. १६६२ मध्ये चिनी सेनानी कोशिंगाने डचांना हुसकावले. पुढे चिंग साम्राज्य आले, १८९५ ते १९४५ जपानने राज्य केले. राज्यकर्ते बदलत गेले, ऊस मात्र टिकला. ताइनानचा स्वयंपाक आजही उर्वरित तैवानपेक्षा गोडसर आहे.

शहराची ओळख झालेले दान्झाय नूडल्स मात्र गरजेतून आले. उन्हाळ्यात वादळे सुरू झाली की होड्या किनाऱ्याला लागत आणि मच्छीमारांची कमाई थांबे. हुंग यू-तोऊ नावाच्या मच्छीमाराने त्या दिवसांत कावडीत चूल आणि भांडी घालून नूडल्स विकायला सुरुवात केली. श्वेइश्येन या जलदेवतांच्या मंदिरापुढे तो बसे. त्याच्या दुकानाची परंपरा १८९५ पासूनची मानली जाते. लहानसा वाडगा, कोळंबीच्या कवचाचा रस्सा, मंद आचेवर मुरवलेला डुकराच्या मांसाचा खिमा, लसूण, कोथिंबीर आणि वर एकच कोळंबी. कष्टकऱ्याला दोन घासांचा आधार देणारा हा पदार्थ आज तैवानभर मिळतो.

मिल्कफिशची शेती इथल्या किनारी तळ्यांत तीनशेहून अधिक वर्षे चालू आहे. या माशात दोनशेहून जास्त बारीक काटे असतात. ते सगळे काढून पोटाचा चरबीदार भाग पेजेसाठी, उरलेले मांस गोळ्यांसाठी आणि डोके रश्श्यासाठी, असा प्रत्येक तुकडा कामी येतो. गोमांस मात्र उशिरा रुजले. नांगराला जुंपलेले जनावर खायचे नाही, असा शेतकऱ्यांचा जुना दंडक होता. जपानी अमदानीत तो सैल झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी मदतीचा गहू आला आणि पावाचे प्रस्थ वाढले. जाड पाव तळून, पोखरून, त्यात कोंबडीचे किंवा मासळीचे दाट पांढरे सारण भरायचे, वर पावाचेच झाकण ठेवायचे: हा ‘शवपेटी पाव’ त्याच काळातला.

मराठी पाहुण्याने ताइनानमधल्याच युजिंगला जरूर जावे. बेटावर आंबा आणला तो डचांनीच, असे मानतात. १९५४ मध्ये फ्लोरिडाहून आयर्विन जातीची लालचुटूक कलमे आली आणि हा डोंगराळ भाग आंब्यासाठी प्रसिद्ध झाला. किसलेल्या बर्फावर आंब्याच्या फोडी रचून दिलेली थाळी जून-जुलैत खावी.

तैपेईहून वेगवान रेल्वेने पावणेदोन तासांच्या आसपास लागतात. वेगवान रेल्वेच्या स्थानकावरून लोकल गाडीने शहरात यावे. पायी हिंडायला हिवाळा उत्तम. शाकाहारी मंडळींनी बौद्ध पद्धतीच्या शाकाहारी खानावळी शोधाव्यात आणि अनपिंगची मऊसूत सोयाबीन खीर चुकवू नये. मोठ्या हॉटेलांपेक्षा गुओहुआ रस्त्यावरची, पिढ्यान्‌पिढ्या एकच पदार्थ करणारी छोटी दुकाने निवडा. सत्ताधीशांची नावे कोरलेल्या शिळा या शहरात पुष्कळ आहेत. मच्छीमारांची आणि शेतकऱ्यांची आठवण या दुकानांनी जपली आहे, आणि ती जिवंत राहायची तर तिथे बसून खाणारे हवेत.