टक्केवारीचा अर्थ आणि वैद्याचे कर्तव्य

‘अमुक कल्पाने शंभरांपैकी ऐंशी रुग्ण बरे झाले’ अशी विधाने माहितीपत्रकांत नेहमी आढळतात. औषधाविना त्यांतील किती बरे झाले असते, हे कळल्याखेरीज त्या ऐंशीला अर्थ प्राप्त होत नाही. तुलनेसाठी दुसरा गट हवा, हे संख्याशास्त्राचे पहिले सूत्र होय.

याचे उत्तम उदाहरण आम्हा काशीमीरावासीयांच्या शेजारीच, मुंबईत आहे. टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ मध्ये मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील ३५ ते ६४ वर्षे वयाच्या सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास आरंभिला. वस्त्यांचे २० समूह करून निम्म्या समूहांत प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी गर्भाशयमुखास सौम्य ॲसेटिक आम्ल लावून तपासणी केली. उर्वरित समूहांत केवळ आरोग्यशिक्षण दिले. बारा वर्षांच्या पाहणीचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारा मृत्युदर तपासणी-गटात लाख स्त्रीवर्षांमागे ११.१, तर तुलना-गटात १६.२ होता. एका स्त्रीची एक वर्ष पाहणी म्हणजे एक स्त्रीवर्ष.

येथे दोन प्रकारे बोलता येते. मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले, ही सापेक्ष घट. लाखामागे वर्षाला सुमारे पाच मृत्यू टळले, ही निरपेक्ष घट. दोन्ही विधाने सत्य आहेत. परंतु केवळ पहिले ऐकणाऱ्याचा अपेक्षाभंग होतो, तर केवळ दुसरे ऐकणारा तपासणी निरर्थक मानतो. म्हणून दोन्ही आकडे एकत्र मागावेत.

लाखात पाच हे प्रमाण एका दवाखान्यातील अनुभवाने कधीच उमगणार नाही. ‘आमच्या पाहण्यात असा रुग्ण नाही’ हे विधान म्हणूनच फसवे ठरते. चरकाचार्यांनी प्रत्यक्षाबरोबर आप्तोपदेश, अनुमान आणि युक्ती ही प्रमाणेही सांगितली, ती याच मर्यादेसाठी.

व्यवहारात याचा अर्थ स्पष्ट आहे. श्वेतप्रदर वा रक्तप्रदराची तक्रार सांगणाऱ्या स्त्रीस पुष्यानुग चूर्ण किंवा अशोकारिष्ट देऊन आपण मोकळे होतो. औषधालयातून तर ते विनाचिकित्सा विकले जाते. रजोनिवृत्तीनंतरचा रक्तस्राव, मैथुनोत्तर रक्तस्राव किंवा दुर्गंधीयुक्त स्राव असल्यास प्रथम स्त्रीरोगतज्ज्ञांकडे तपासणीस धाडावे. औषधाने स्राव थांबला तरीही धाडावे. तक्रार नसलेल्या स्त्रीसही तपासणीचा सल्ला द्यावा, कारण त्या अभ्यासातील लाभ लक्षणांची वाट न पाहण्यात होता. औषधविक्रेत्यांनीही वय आणि लक्षणे विचारूनच बाटली हाती द्यावी.

सर्व वैद्यबंधू-भगिनींस विनंती की, प्रत्येकाने रुग्णाचे वय, लक्षणे, कालावधी व परिणाम यांची नोंदवही ठेवावी. पुन्हा न आलेला रुग्ण ‘बरा झाला’ या रकान्यात मांडू नये. त्याचा रकाना वेगळाच असावा.