दोन अँटेना, एक निरोप

मोबाईलवर आवाज तुटू लागला की आपण जागा बदलतो. कधी कधी हातभर सरकले तरी आवाज पुन्हा स्वच्छ येतो. असे का होते, हे आम्ही आज वाचकांपुढे मांडत आहोत.

टॉवरवरून निघालेली रेडिओलहर एकाच वाटेने येत नाही. भिंती, पत्रे, इमारती यांवर आपटून ती अनेक वाटांनी पोचते. लहरींचे उंचवटे जुळले तर निरोप जोरात येतो. एकीचा उंचवटा दुसरीच्या खळग्यात पडला तर तो विरतो. २.४ गिगाहर्ट्झच्या वाय-फायची लहर अवघी साडेबारा सेंटिमीटर लांब. म्हणून चार बोटांच्या अंतरावरही फरक पडतो.

एक वाट दहांतून एकदा बुजते असे धरू. तशीच दुसरी, स्वतंत्र वाट असेल तर दोन्ही एकदम बुजण्याची पाळी शंभरांतून एकदाच येईल. पण लहान, स्वस्त फोनमध्ये जादा अँटेना बसविणे अवघड आणि खर्चाचे. टॉवरवर दोन अँटेना लावून तोच निरोप एकदम सोडला, तर त्यांच्याच लहरी एकमेकींना खोडू शकतात.

हा गुंता मूळचे इराणचे अभियंते सियावश अलामुती यांनी १९९८ साली सोडविला. निरोपाचे दोन तुकडे घ्या. आधी पहिला अँटेना ‘अ’ पाठवतो, दुसरा ‘ब’. लगेच अदलाबदल: पहिला ‘ब’, दुसरा ‘अ’, मात्र ठरलेल्या गणिताने रूप बदलून. फोन दोन्ही वेळचे आलेले जुळवून तुकडे वेगळे काढतो. प्रत्येक तुकडा दोन्ही वाटांनी येतो. वेग घटत नाही, एकूण शक्तीही वाढवावी लागत नाही. अट एकच: तेवढ्या अल्पकाळात वाटा बदलता कामा नयेत.

तिसऱ्या पिढीच्या मोबाईलमध्ये ही रीत आली. २००९ च्या वाय-फाय मानकातही तिला जागा मिळाली. अलामुतींना २०२२ मध्ये मार्कोनी पारितोषिक लाभले.

जादा अँटेनाचा भार टॉवरने उचलला, म्हणून गरिबाच्या साध्या फोनलाही लाभ पोचला. ज्याची ऐपत त्याने ओझे उचलावे, हा न्याय यंत्रातही चालतो! आणि ते रूप बदलणे म्हणजे अकरावीच्या गणितातील संमिश्र संख्यांचाच उपयोग. ‘हे शिकून काय कामाचे?’ असे मुलांनी विचारले, तर पालकांनी त्यांच्या हातातल्या फोनकडे बोट दाखवावे.