चौदा गुणांचा संघ

कोकणातल्या मोहल्ल्यांना दुबई परकी नाही. कुणाचा भाऊ तिथे नोकरीला असतो, कुणाचे अब्बा तीस वर्षे तिथेच राबलेले असतात. त्याच दुबईत जून २०२३ मध्ये व्हीलचेअर बास्केटबॉलची जागतिक स्पर्धा भरली होती. पुरुषांच्या गटात अमेरिका पहिली, ब्रिटन दुसरे आणि इराण तिसरे आले. क्रिकेटच्या गोंगाटात ही बातमी आपल्याकडे फारशी कुणाच्या कानावर आली नाही. पण ज्या घरात एखादे मूल चालू शकत नाही, त्या घराने तरी ती जाणून घ्यावी अशी आहे.

हा काही सोपा करून घेतलेला बास्केटबॉल नाही. मैदान तेवढेच, २८ मीटर लांब आणि १५ मीटर रुंद. बास्केटची उंचीही तीच, ३.०५ मीटर, म्हणजे दहा फूट. उभे खेळाडू जिथे उडी मारून पोहोचतात, तिथे बसलेल्या माणसाने केवळ हातांच्या आणि खांद्यांच्या जोरावर चेंडू पोहोचवायचा. चेंडू मांडीवर ठेवून चाकांना फार तर दोनदा रेटा देता येतो. तिसऱ्या रेट्याच्या आत चेंडू जमिनीवर आपटावा, साथीदाराकडे द्यावा किंवा बास्केटकडे फेकावा लागतो. खुर्चीची चाके खालच्या बाजूला फाकलेली असतात, त्यामुळे ती जागच्या जागी गर्रकन वळते आणि सहजासहजी कलंडत नाही. कलंडलीच, तर पट्ट्याने खुर्चीला बांधलेला खेळाडू पुष्कळदा हातावर जोर देऊन खुर्चीसकट उठतो आणि पुन्हा खेळू लागतो.

या खेळातला सर्वात विचार करण्यासारखा नियम वेगळाच आहे. प्रत्येक खेळाडूला त्याच्या शरीराच्या क्षमतेप्रमाणे १ ते ४.५ असे गुण दिलेले असतात. सामन्यात मिळवायच्या गुणांशी यांचा संबंध नाही. ज्याचा कमरेवरचा भागही ताब्यात राहत नाही, त्याला १. ज्याचे अपंगत्व सर्वात कमी, त्याला ४.५. मैदानावरच्या पाचही जणांच्या या गुणांची बेरीज १४ च्या वर जाता कामा नये. साडेचारचे पाच तगडे गडी घेतले तर बेरीज साडेबावीस होते, म्हणजे तसा संघ उतरवताच येत नाही. साडेचार, चार आणि तीनवाले घेतले, तर उरलेल्या दोन जागांवर दीड आणि एकवाला घ्यावाच लागतो.

मग हा एकवाला मैदानावर काय करतो? तो फारशा बास्केट करत नाही. समोरच्या उंच खेळाडूच्या वाटेत तो आपली खुर्ची अशी आणून उभी करतो की त्याला पुढे जायला जागाच राहत नाही. तेवढ्या क्षणात साथीदार मोकळा होतो आणि बास्केट करतो. टाळ्या साथीदाराला मिळतात. पण वाट कुणी करून दिली, हे संघातल्या प्रत्येकाला ठाऊक असते. एकवाला दयेपोटी घेतलेला नसतो. त्याच्याशिवाय संघाचे गणितच जमत नाही.

इराणला हा टप्पा एका दिवसात गाठता आला नाही. १९८० ते १९८८ या काळात इराकशी झालेल्या युद्धाने तिथले हजारो तरुण अपंग झाले. युद्ध संपले त्याच वर्षी, १९८८ मध्ये, इराणचे खेळाडू सोल येथे प्रथमच पॅरालिम्पिकमध्ये उतरले. बसून खेळायच्या व्हॉलीबॉलमध्ये त्यांनी लवकर नाव कमावले. बास्केटबॉलला मात्र वेळ लागला. २०१८ च्या ऑगस्टमध्ये हॅम्बुर्गच्या जागतिक स्पर्धेत कांस्यपदकाच्या सामन्यात ऑस्ट्रेलियाने त्यांना हरवले आणि ते चौथे राहिले. दोनच महिन्यांनी जकार्ता येथील आशियाई पॅरा क्रीडास्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक जिंकले. जे पदक हॅम्बुर्गला हुकले होते, ते पाच वर्षांनी दुबईत हाती आले.

त्यानंतर लगेच मोठा धक्का बसला. टोकियो पॅरालिम्पिकमध्ये पुरुषांचे १२ संघ खेळले होते, २०२४ च्या पॅरिसमध्ये फक्त ८ घेतले गेले. त्या आठांत इराण नव्हता. जगात तिसरा आलेला संघ पुढच्याच वर्षी सर्वात मोठ्या स्पर्धेबाहेर राहिला. खेळात असे होते. पदक एका वर्षी येते, दुसऱ्या वर्षी हुकते. पण एकदा संघात जागा मिळालेला माणूस सकाळी उठून सरावाला जातो, त्याची कुणीतरी वाट पाहत असते, चुकला तर त्याला रागावणारेही कुणी असते. ही कमाई पदकापेक्षा लहान नाही.

आपल्या घरांतल्या अशा मुलांना प्रेम मिळते, दुआ मिळते, चांगला घासही मिळतो. काम मात्र मिळत नाही. लग्नकार्य निघाले की ‘त्याला कशाला त्रास’ म्हणून अम्मी त्याला घरीच ठेवते. दुकानाचा हिशोब धाकट्याकडे जातो. पाहुण्यांसमोर त्याच्याविषयी बोलले जाते, त्याच्याशी कुणी बोलत नाही. यात कुणाचाच हेतू वाईट नसतो, तरी तो मुलगा मैदानाबाहेर बसलेला राहतो.

भारतातही व्हीलचेअर बास्केटबॉलची राष्ट्रीय संघटना आहे आणि मुलांचे तसेच मुलींचेही संघ खेळतात. सर्वांनाच खेळाडू होता येईल असे नाही, त्याची गरजही नाही. पण पुढच्या वेळी घरात एखादे कार्य निघेल आणि कामांची वाटणी होईल, तेव्हा त्याच्या वाट्याला काय आले एवढे पाहा. काहीच आले नसेल, तर आपल्या संघाची बेरीज चुकली आहे असे समजा.