पिशवी म्हणजे कोणती पिशवी?

डॉक्टर ‘पिशवी काढावी लागेल’ असं म्हणाले, की तुम्हां-आम्हांला त्याचा अर्थ लगेच कळतो. पण सातवीतल्या एका मुलीला हेच वाक्य आपल्या आईला हातांनी सांगायचं होतं. आई जन्मापासून कर्णबधिर. लेकीनं रोजच्या भाजीच्या पिशवीची खूण केली, मग ‘बाहेर काढ’ अशी. आईनं मान डोलावली, मांडीवरची पिशवी उघडली आणि सोनोग्राफीचे कागद, केसपेपर, रेशनकार्ड, सगळं डॉक्टरांच्या टेबलावर काढून ठेवलं!

हसू आलं ना? मलाही आधी आलं. ही मुलगी माझ्या वर्गातली. मी एका शाळेत अर्धवेळ मराठी शिकवते. ती महिन्यातून दोन-तीनदा गैरहजर असायची, म्हणून एकदा जरा रागानंच विचारलं, तेव्हा हे कळलं. वडीलही कर्णबधिर, त्यामुळे बँक असो, गॅस असो की दवाखाना, बोलायला हीच. सांगता सांगता हळूच म्हणाली, “बाई, डॉक्टर म्हणाले ती पिशवी नव्हे, पोटातली. मग मला कळलं. पण मी आईला नाही सांगितलं. गोळ्या दिल्यात, एवढंच सांगितलं.”

माझं हसू तिथंच थांबलं. बारा वर्षांची पोर आईच्या ऑपरेशनची गोष्ट मनात दडवून माझ्या तासाला व्याकरण शिकत होती!

पुढच्या खेपेला मी त्यांच्याबरोबर गेले. बाहेर नंबर पुकारला जातो तो तोंडानं. ज्याला ऐकू येत नाही त्यानं करायचं काय? त्या माउलीचे डोळे सारखे दारातल्या शिपायाच्या ओठांवर. आत गेल्यावर डॉक्टर बोलत होते माझ्याशी. “यांना सांगा...” म्हणत. मी शहाणपणानं चिठ्ठी लिहिली, चांगली ठळक अक्षरांत. त्यांनी वाचली, मान डोलावली. मला वाटलं, झालं काम!

ते काही झालं नव्हतं. जिची पहिली भाषा खुणांची, तिला मराठी ही शिकलेली, दुसरी भाषा असते. सांकेतिक भाषा म्हणजे मराठीचे हातवारे नव्हेत बरं का, तिचं व्याकरण अगदी वेगळं आहे. मी बी.ए. झालेली, पण वकिलाचा इंग्रजी कागद हातात आला की मीही अशीच मान डोलावते. आणि ओठ वाचायचे म्हणाल, तर आरशासमोर उभ्या राहा आणि आवाज न करता ‘बाळ’ आणि ‘माळ’ म्हणून बघा. काही फरक दिसतो का? त्यात डॉक्टरांच्या तोंडाला मास्क असला की संपलंच.

“दुभाषी मिळेल का?” असं मी खिडकीवर विचारलं. “तशी सोय नाही, घरातलं कुणी आणा,” असं उत्तर मिळालं. शेवटी कर्णबधिर मुलांच्या शाळेतल्या एका शिक्षिकेकडून एका शिकलेल्या दुभाषी बाईंचा पत्ता लागला. त्यांची फी घरच्यांनीच भरली.

त्या दिवशीची वीस मिनिटं मी विसरणार नाही. दुभाषी बाई डॉक्टरांच्या बाजूला बसल्या, म्हणजे दोघंही एकदम दिसावेत. आणि आजवर नुसती मान डोलावणारी ती बाई प्रश्न विचारू लागली! गाठी कॅन्सरच्या आहेत का? पिशवी ठेवून नुसत्या गाठी काढता येतील का? पुढे माझ्या मुलीलाही हे होईल का? मग म्हणाल्या, दीड वर्षापासून खूप रक्तस्राव होतोय, उभ्या उभ्या चक्कर येते. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. “हे आधी का नाही सांगितलं?” उत्तर आलं, “मुलीच्या तोंडून कसं सांगू?” डॉक्टरांनी ताबडतोब रक्त तपासायला पाठवलं, आणि पिशवीचा निर्णय मागे ठेवला.

आता थोडं लांबचं सांगते. कॅनडात ब्रिटिश कोलंबिया प्रांतात लिंडा आणि जॉन वॉरेन हे कर्णबधिर जोडपं. लिंडाबाईंना दिवस भरण्याआधीच जुळं झालं, आणि दुभाषी नव्हता. एका बाळाचे ठोके कमी झालेत, हे नर्सनं खुणांनी सांगितलं. कल्पना करा त्या वेळच्या मनाची! जन्मल्याबरोबर बाळं दुसरीकडे नेली, आणि आईच्या हातात काय, तर ती ठीक आहेत एवढी चिठ्ठी. रॉबिन एल्ड्रिज या आणखी एका कर्णबधिर बाईंसह हे दोघं न्यायालयात गेले. १९९७ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं एकमतानं सांगितलं, की नीट संवादासाठी गरज असेल तिथं दुभाषी न देणं म्हणजे समानतेचा हक्क डावलणं. खर्चाचा अंदाज होता दीड लाख डॉलर, म्हणजे प्रांताच्या आरोग्य खर्चाच्या ०.००२५ टक्के!

आपल्याकडे २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे. त्यात संवादाच्या साधनांत सांकेतिक भाषा धरली आहे. सरकारीच नव्हे, खासगी रुग्णालयांतही अडथळे नसावेत आणि उपचारात अग्रक्रम मिळावा, असंही म्हटलं आहे. पण आरोग्याच्या त्या कलमात दुभाष्याचं नाव नाही. मग खिडकीवरची बाई ‘सोय नाही’ म्हणते, ती एका अर्थी खोटं बोलत नाही. दुभाषी मुळात आहेतच थोडे. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग संस्था आहे, १९८३ सालची. तिथं दुभाष्यांचं शिक्षण मिळतं. तुमच्या बारावी झालेल्या भाचीला विचारून बघायला हरकत नाही.

तुमच्या घरात, शेजारात असं कुणी असेल तर वेळ घेतानाच दुभाषी लागेल म्हणून सांगा, मागणी कागदावर द्या. कुणी प्रत्यक्ष येऊ शकत नसेल तर मोबाइलवर व्हिडिओ कॉल लावता येतो. नंबर हात करून दाखवा, असं शिपायाला आधीच बजावा. एक्स-रेच्या खोलीत ‘श्वास रोखा’ हे काचेआडून ओरडून सांगतात, त्याची खूण आत जाण्यापूर्वीच ठरवून घ्या. आणि हे फार कुणाच्या लक्षात येत नाही: सलाईन लावताना दोन्ही हात अडकवू देऊ नका. आपलं तोंड बांधल्यासारखंच ते. बोलताना रुग्णाकडे बघा, दुभाष्याकडे नव्हे. आणि ‘समजलं का?’ असं विचारू नका, त्यावर सगळ्या ‘हो’च म्हणतात. गोळी कधी घ्यायची, ते त्यांनाच उलट सांगायला लावा.

माझ्या विद्यार्थिनीच्या आईचं रक्त फारच कमी निघालं, आधी त्यावर उपचार झाले. मग त्यांनी स्वतः ठरवलं, की नुसत्या गाठी काढायच्या. संमतीपत्रावर सही करण्याआधी प्रत्येक ओळ दुभाषी बाईंकडून समजून घेतली, दोनदा!

येत्या बुधवारी तपासणी आहे. दुभाषी बाईंची वेळ ठरली आहे. लेक शाळेत येणार आहे, तिची माझ्या विषयाची चाचणी आहे त्या दिवशी.