समुपदेशनाचे तीन स्तर : व्यक्ती, दांपत्य आणि कुटुंब

प्रस्तावना :
महाविद्यालयातील प्राध्यापकांकडे विद्यार्थी केवळ अभ्यासातील शंका घेऊन येतात असे नाही. द्वितीय वर्षात शिकणारी, आजवर चांगले गुण मिळविणारी एखादी विद्यार्थिनी अचानक तासांना गैरहजर राहू लागते. चौकशी केली असता, "मी नापास झाले तर आमचे घर मोडेल," एवढेच सांगते. हे उदाहरण काल्पनिक असले तरी त्यातील अनुभव अपरिचित नाही. अशा वेळी साहाय्याची गरज नेमकी कोणाला आहे? त्या विद्यार्थिनीला, तिच्या आईवडिलांना, की संपूर्ण कुटुंबाला? या प्रश्नाच्या उत्तरावर समुपदेशनाची पद्धती अवलंबून असते आणि उत्तर चुकल्यास साहाय्याऐवजी हानी होण्याचाही संभव असतो. प्रस्तुत लेखात या तीन स्तरांचे विवेचन केले आहे.

समुपदेशनाची संकल्पना :
'समुपदेशन' या शब्दात 'उपदेश' असला तरी उपदेश करणे हे समुपदेशकाचे कार्य नव्हे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी १९४० च्या दशकापासून ही भूमिका ठामपणे मांडली. समुपदेशकाच्या वागण्यातील सच्चेपणा, समोरच्या व्यक्तीचा विनाअट स्वीकार आणि तिच्या जागी स्वतःला ठेवून तिचा अनुभव समजून घेण्याची क्षमता या गोष्टी असतील, तर व्यक्ती स्वतःच आपला मार्ग शोधू शकते, असे त्यांचे प्रतिपादन होते. आपल्याकडे वडीलधारी मंडळी चार समजुतीच्या गोष्टी सांगतात, त्याहून हे कार्य भिन्न आहे. वडीलधाऱ्यांना निर्णय काय व्हावा हे आधीच ठाऊक असते. समुपदेशकाला ते ठाऊक नसते आणि नसावेही.

व्यक्तिगत समुपदेशन :
या स्तरावर विचारांच्या परीक्षणावर भर देणाऱ्या पद्धती विशेष प्रचलित आहेत. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेली विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धती महाराष्ट्रात कि. मो. फडके यांच्या अध्यापनातून व लेखनातून मराठी वाचकांना परिचित झाली. घटना, घटनेविषयीचा दृष्टिकोन आणि भावनिक परिणाम अशी तिची त्रिपदी मांडणी आहे. भावना केवळ घटनेमुळे निर्माण होत नाही, तर घटनेकडे पाहण्याच्या दृष्टिकोनातून ती आकार घेते, हे या पद्धतीचे मुख्य सूत्र होय.

वरील विद्यार्थिनीच्या बाबतीत 'मला उत्तम गुण मिळालेच पाहिजेत, अन्यथा सर्वनाश होईल' या हट्टाग्रही विचाराला आव्हान देता येईल. 'उत्तम गुण मिळावेत अशी माझी तीव्र इच्छा आहे. न मिळाल्यास वाईट वाटेल, परंतु ते मी सहन करू शकेन,' हा त्याचा विवेकी पर्याय. तथापि, येथे एक मर्यादा लक्षात घ्यावी लागते. घर खरोखरच मोडण्याच्या बेतात असेल, तर तिची भीती संपूर्णतः अविवेकी म्हणता येणार नाही.

कुटुंबोपचार :
समजा, या विद्यार्थिनीचे आईवडील एकमेकांशी थेट बोलत नाहीत आणि सर्व निरोप मुलीमार्फतच जातात. मरे बोवेन यांनी अशा रचनेस 'त्रिकोण' म्हटले आहे. दोघांमधील ताण असह्य झाला की तिसऱ्या व्यक्तीला त्यात ओढले जाते व ताण तिच्या वाट्याला येतो. साल्व्हाडोर मिनुचिन यांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात कुटुंबातील उपगट व त्यांच्यातील सीमारेषा यांची मांडणी केली. पतिपत्नींमधील प्रश्नांचा भार अपत्यावर येऊ नये, यासाठी ही सीमारेषा स्पष्ट करणे हे उपचारकाचे काम ठरते. या दृष्टीने मुलगी ही 'रुग्ण' नसून कुटुंबातील ताणाचे दृश्य लक्षण होय.

भारतात कुटुंबाचा सहभाग ही केवळ आयात केलेली कल्पना नाही. १९५० च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी रुग्णांच्या नातेवाइकांना आवारात तंबूंमध्ये राहण्यास बोलावून उपचारात सहभागी करून घेतले होते.

दांपत्य समुपदेशन :
दांपत्याच्या संदर्भात जॉन गॉटमन यांचे निरीक्षण उपयुक्त आहे. भांडण होणे हे स्वतःहून घातक नसते. व्यक्तीवरच टीका, तुच्छता, बचावाचा पवित्रा आणि संवाद तोडून टाकणे हे चार प्रकार मात्र नाते पोखरतात. १९८० च्या दशकात लेस्ली ग्रीनबर्ग व सू जॉन्सन यांनी विकसित केलेल्या भावनाकेंद्री पद्धतीत रागामागील दुखावलेपण व एकटेपणा जोडीदारासमोर व्यक्त करण्यास साहाय्य केले जाते.

महाराष्ट्रात अनेक दांपत्यांचा समुपदेशनाशी पहिला परिचय न्यायालयात होतो. कुटुंब न्यायालय अधिनियम, १९८४ अन्वये पुणे व मुंबई येथे १९८९ मध्ये कुटुंब न्यायालये सुरू झाली. या कायद्यात समुपदेशकांची तरतूद असून, न्यायालयाने प्रथम तडजोडीचा प्रयत्न करावा असे नवव्या कलमात म्हटले आहे. मात्र, प्रकरणाचे स्वरूप व परिस्थिती यांच्याशी सुसंगत असेल तेथेच, ही मर्यादाही त्याच कलमात आहे.

ही मर्यादा अत्यंत महत्त्वाची आहे. घरात मारहाण होत असेल, तर दोघांना समोरासमोर बसवून 'दोघांनीही थोडे समजून घ्यावे' असे सांगणे म्हणजे पीडितेवर हिंसेची निम्मी जबाबदारी टाकणे होय. शिवाय बैठकीत ती जे बोलेल त्याची किंमत तिला घरी मोजावी लागू शकते. कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा २००५ मध्ये संमत झाला. त्याखालील २००६ च्या नियमांनुसार समुपदेशनात प्रतिवादीला हिंसेचे समर्थन करता येत नाही आणि तसे त्याला आरंभीच सांगावे लागते. टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबई पोलिसांच्या सहकार्याने महिला व बालकांसाठी विशेष कक्ष सुरू केला, त्यामागेही पीडितेची सुरक्षितता हाच विचार होता. सारांश, एकत्र बसविण्यापूर्वी प्रत्येकाशी स्वतंत्रपणे बोलणे आवश्यक आहे.

प्राध्यापकांची भूमिका :
सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार १०० किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या शैक्षणिक संस्थांनी किमान एक पात्र समुपदेशक नेमणे अपेक्षित आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या 'टेली-मानस' या शासकीय सेवेचा १४४१६ हा क्रमांकही उपलब्ध आहे. असे असले तरी विद्यार्थी प्रथम बोलतो तो ओळखीच्या शिक्षकाशीच. त्यांनी उपचारक होण्याची आवश्यकता नाही. लक्षपूर्वक ऐकणे, विद्यार्थ्याच्या संमतीने समुपदेशकाकडे पाठविणे आणि घरातील परिस्थिती जाणून घेतल्याशिवाय पालकांना बोलावून न घेणे, ही पथ्ये पुरेशी आहेत. जिवाला धोका दिसत असल्यास मात्र गोपनीयतेपेक्षा सुरक्षितता श्रेष्ठ मानून तातडीने तज्ज्ञांचे साहाय्य घ्यावे.

समारोप :
व्यक्ती, दांपत्य व कुटुंब हे स्तर परस्परांना पर्याय नसून पूरक आहेत. प्रस्तुत उदाहरणातील विद्यार्थिनीला स्वतःच्या विचारांचे परीक्षण उपयोगी पडेल. निरोप्याच्या भूमिकेतून तिची सुटका होण्यासाठी मात्र तिच्या आईवडिलांनाच एकमेकांशी बोलावे लागेल. आणि आई भयाखाली जगत असेल, तर त्याआधी तिच्या सुरक्षिततेची तजवीज करावी लागेल. कोणता स्तर प्रथम, याचा निर्णय घर टिकावे या आग्रहातून नव्हे, तर त्या घरातील सर्वांत दुर्बळ व्यक्तीच्या हितातून व्हावयास हवा.